हरिपंडितांचे वडील

माउली, आषाढी जवळ आली की अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. आजोबांनी वारी केली, वडिलांनी केली, आता पोरगा म्हणतो, "मला नाही यायचं." मग कुणी रागावते, कुणी घराण्याची आण घालते, तर कुणी लहान मुलाच्या गळ्यात बळेच माळ घालून मोकळे होते. उलटेही घडते, आणि त्याचे मला अधिक नवल वाटते. मुलगा म्हणतो, आळंदीला राहून कीर्तन शिकतो, पखवाज शिकतो, आणि वर्षानुवर्षे दिंडीत चालणारा बापच म्हणतो, "आधी इंजिनिअर हो, मग काय टाळ कुटायचे ते कूट."

या दोन्ही बापांनी पैठणला नाथांच्या वाड्यात डोकावून पाहावे.

नाथ स्वतः लहानपणी आजोबांना न सांगता घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. आईबापांविना वाढलेला नातू नाहीसा झाला तेव्हा चक्रपाणींच्या म्हातारपणाचे काय झाले असेल, याचा विचार आपण फारसा करीत नाही. तेच नाथ पुढे बाप झाले. मुलगा हरिपंडित संस्कृताचा गाढा विद्वान. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कुणाच्याही घरी जेवावे, हे त्याला पटेना. तो रुसून काशीला गेला.

त्याला आणायला नाथ काशीला गेले. हरिपंडिताने दोन अटी घातल्या: परान्न घ्यायचे नाही आणि प्राकृतात पुराण सांगायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

जरा थांबा. हे कुणी मान्य केले? ज्यांनी शके १४९५ मध्ये त्याच काशीत मराठी भागवत पूर्ण केले, ज्यांनी ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली, त्यांनी. मुलासाठी ते आपल्याच घरात श्रोते होऊन बसले. हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला आणि श्रोते घटत गेले.

पुढची कथा तुम्हांला पाठ आहे. सहस्रभोजनाचा संकल्प केलेली गरीब बाई, एकट्या नाथांचे जेवण, आणि उष्टे पान उचलले की खाली दुसरे पान, असे करीत हजार पाने. हरिपंडिताचे डोळे उघडले. कीर्तनात आपण ही पाने मोजतो. मला मात्र त्याआधीचे दिवस मोठे वाटतात. श्रोते घटताना पाहूनही नाथांनी "पाहिलंस ना?" असे म्हटल्याचे कथेत कुठे येत नाही.

कुणी म्हणेल, नाथ फार नमले. पुराणाला येणाऱ्या भोळ्या माणसांचा काय दोष? हा आक्षेप खोटा नाही, आणि मुलासाठी प्रत्येकाने आपला नेम मोडावा असे मी म्हणतही नाही. पण मुलाचा विरोध म्हणजे आपला अपमान, हे नाथांनी धरले नाही, एवढे तरी घेण्यासारखे आहे. माळ घालणे म्हणजे एकादशी, वारी आणि शुद्ध आहार यांचा शब्द देणे. दुसऱ्याच्या वतीने शब्द कसा देणार? बापाने दिलेला शब्द पोराच्या गळ्यात नुसता लाकडाचा मणी होऊन राहतो.

अवघड गोष्ट पुढेच आहे. आपल्या घरी हजार पाने उठणार नाहीत. मुलाला मोकळे सोडले की तो एक दिवस आपणहून दिंडीत येईलच, असा करार पांडुरंगाने कुणाशी केलेला नाही. आळंदीला गेलेला मुलगा कदाचित चार पैसेही मिळवणार नाही. इंजिनिअर झालेला कदाचित पंढरीला कधीच येणार नाही. हे गृहीत धरूनही त्याच्यावरची माया तेवढीच राहते का, हे बापाने एकट्याने चंद्रभागेच्या वाळवंटात बसून स्वतःला विचारावे.

यंदा मुलाला एकदा विचारा. नाही म्हणाला तर पताका उचला आणि चालू लागा. परत आल्यावर त्याच्या कपाळाला बुक्का लावा, हातावर चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवा आणि त्याचे दिवस कसे गेले ते ऐकायला बसा.