एका घराची दोन ग्रीक नावे

ख्रिस्ती उपासनागृहाला युरोपातील भाषांनी दिलेली नावे एकत्र मांडली, तर त्यांची मुख्यतः दोन कुळे पडतात आणि दोन्हींचा मूळपुरुष ग्रीकच निघतो. इंग्रजीतील चर्च, डचमधील केर्क, स्कॉटलंडमधील कर्क आणि रशियनमधील त्सेर्कोव्ह हे शब्द ‘क्युरिआकोन’पासून, म्हणजे ‘प्रभूचे’ अशा अर्थाच्या विशेषणापासून आले, असे बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. उलट फ्रेंचमधील एग्लीझ, स्पॅनिशमधील इग्लेसिआ, इटालियनमधील किएझा आणि वेल्श भाषेतील एग्लुइस हे ‘एक्क्लेसिआ’चे वंशज आहेत. गंमत अशी की खुद्द ग्रीकांनी उपासनागृहासाठी दुसरा शब्द राखला आणि पहिल्याचे भावंड ‘किरिआकी’ त्यांच्याकडे रविवारचे नाव होऊन राहिले.

या दोहोंत एक्क्लेसिआचा इतिहास अधिक बोलका आहे. ‘बाहेर बोलावणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून बनलेला हा शब्द मुळात धार्मिक नव्हताच. अथेन्समध्ये प्निक्स टेकडीवर भरणाऱ्या आणि युद्ध, तह व कायदे यांवर हात उंचावून मत देणाऱ्या पुरुष नागरिकांच्या सभेचे ते नाव होते, आणि काही निर्णयांसाठी तेथे 6000 जणांची उपस्थिती लागत असे. पुढे हिब्रू धर्मग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात इस्राएलच्या जनसमुदायासाठी तोच शब्द आला, तेथून तो ख्रिस्ती समुदायाला लागला आणि समुदायावरून, भाषांत नेहमी घडते तसा, तो ज्या वास्तूत जमे तिच्यावर सरकला. क्युरिआकोनचा प्रवास बरोबर उलटा झाला: आधी प्रभूचे घर आणि मग त्या घराशी बांधलेली माणसे व त्यांच्यावरची सत्ता.

ही सरमिसळ निरुपद्रवी नव्हती. विल्यम टिंडेल याने 1526 च्या इंग्रजी नव्या करारात एक्क्लेसिआसाठी ‘चर्च’ टाळून ‘जमलेला समुदाय’ अशा अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा टॉमस मोर याने त्यावर कठोर टीका केली. कारण शब्द बदलला की धर्माधिकाऱ्यांच्या उतरंडीचा शास्त्राधार डळमळतो, हे दोघांनाही पुरते कळत होते. राजा जेम्सच्या भाषांतरकारांना तर ‘चर्च’ हाच शब्द कायम ठेवावा असा लेखी नियमच घालून देण्यात आला आणि 1611 च्या बायबलात तो पाळला गेला. इंग्रजी वाचकाला त्यामुळे माणसांच्या ठिकाणी भिंती दिसू लागल्या, असे म्हणणे फारसे अतिशयोक्त ठरू नये.

कोकण किनाऱ्यावर ही दोन्ही कुळे शेजारी नांदतात. पोर्तुगिजांच्या ‘इग्रेझा’ची गोव्यात कोकणी ‘इगर्ज’ झाली, उत्तरेत तिचाच ‘गिरजा’ झाला आणि मूळ अर्थ विसरला गेल्यामुळे त्याला ‘घर’ हे शेपूट जोडण्यात आले. इंग्रजांमागून आलेले ‘चर्च’ मराठीत रूढ झाले. हे सारे शब्द प्रथम डोळ्यांपुढे आणतात ती इमारत. बायबलाच्या मराठी भाषांतरात मात्र एक्क्लेसिआला ‘मंडळी’ हा साधा घरगुती शब्द मिळाला, ज्यात ना भिंती आहेत ना घंटा. आणि मराठी कॅथलिक लेखनात ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द येतो, तेव्हा प्निक्सवरची ती जुनी सभाच, अथेन्सचे नाव न घेता, मराठीत पुन्हा भरते.