मऊ लागलेला बोल्ट

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. राजापूर तालुक्यातल्या नाट्याला तेव्हा साखरीनाटे बंदराच्या लाँची खाडीत एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि वर्षभर ज्याकडे बघायला सवड होत नाही ते सगळं काम या दोन महिन्यांत निघतं. कोणी जाळी दुरुस्त करतो, कोणी फळ्यांच्या फटी बुजवतो, कोणाचं इंजिन खोललेलं असतं.

अशाच एका पावसाळ्यात एक म्हातारा मिस्त्री आणि त्याच्या हाताखालचा पोरगा एका लाँचीवर शाफ्टचं कपलिंग बसवत होते. पोरगा नुकताच आयटीआय करून आलेला, अंगाने दणकट, कामाला उतावीळ. गिअरबॉक्सची एक जाड फ्लँज, शाफ्टची दुसरी, आणि दोघींना आवळून धरणारे १२ मिलिमीटरचे सहा बोल्ट. दिसायला काम एवढंच. पण इंजिनाचा सगळा जोर पंख्याकडे जातो तो याच जोडातून. भर समुद्रात हा जोड सुटला तर पंखा थांबतोच, शिवाय शाफ्ट मागे सरकून सुकाणूवर आदळू शकतो आणि त्याच्या नळीतून पाणी आत यायला लागतं.

मिस्त्री जेवायला घरी निघाला तेव्हा सांगून गेला, "बोल्ट नुसते हाताने लावून ठेव. आवळायचे ते मी आल्यावर."

एवढ्यासाठी कशाला थांबायचं, असं पोराला वाटलं. त्याने १९ नंबरचा पाना घेतला, पान्यावर हातभर लोखंडी नळी चढवली आणि पाय रोवून ओढायला लागला. पाच बोल्ट करकचून बसले. सहावाही तसाच घट्ट घट्ट होत गेला आणि मग एकदम हाताला मऊ लागला. पाना फिरत होता, पण जोर वाढत नव्हता. पोराने तेवढी अर्धी फेरीही घेऊन टाकली. वरून बघणारा नाखवा खूश झाला. म्हणाला, "शाब्बास! आता हलतोय कुठे!"

घाम गाळून केलेलं काम पक्कंच असणार, असं आपण सहज धरून चालतो. नाखव्याचं चुकलं असं म्हणवत नाही. डोळ्यांना जे दिसलं त्यावर तो बोलला.

मिस्त्री परत आला. खाली पडलेली नळी त्याने पाहिली आणि एकच विचारलं, "मऊ कुठला लागला?"

पोराने बोट दाखवलं. मिस्त्रीने तो बोल्ट काढला आणि डब्यातला नवा कोरा बोल्ट त्याच्या शेजारी धरला. नव्या बोल्टावर नट दोन बोटांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर फिरला. काढलेल्या बोल्टावर तो अर्ध्यावर अडकला. नीट निरखल्यावर पोरालाही दिसलं की आट्यांजवळ एका जागी बोल्ट किंचित बारीक झालाय आणि तिथले आटे एकमेकांपासून लांब गेलेत.

"हा मेला," मिस्त्री म्हणाला. "बोल्ट आवळतो म्हणजे आपण त्याला ताणतो. तो आखडायला बघतो, त्या आखडण्याने दोन्ही फ्लँजा एकमेकींना चिकटून राहतात. बोटभर बोल्ट नीट आवळला तर कागदाच्या जाडीइतकाच लांबतो, आणि सोडला की पुन्हा होता तेवढा होतो. त्याच्या हद्दीपलीकडे ओढलास की तो लांबच राहतो. मग तो कशाला धरणार?"

त्याने बोल्टाचं डोकं पोरासमोर धरलं. त्यावर ८.८ असं उठवलेलं होतं. "हे वाच. पहिला आठ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन, म्हणजे ८० किलोच्या आसपास ओढ बसली की हा तुटणार. दुसरा आठ सांगतो की त्याच्या दहातले आठ भाग झाले की हा कायमचा लांबणार. त्याच्याही आत थांबायचं. ज्याला आवळायचं त्याची ताकद आधी विचारावी, पोरा, आणि मग आपली लावावी."

नाखवा रागावला. नळीने ओढलेले म्हणून सहाही बोल्ट टाकून द्यायचे म्हटल्यावर तो म्हणाला, "हाकला याला, मिस्त्री. माझे पैसे बुडवले."

मिस्त्रीने उत्तर दिलं नाही. नव्या बोल्टांची पुडी त्याने पोराच्याच हातात ठेवली.

पण पोरगा आता धास्तावला होता. मऊ लागेल या भीतीने त्याने सहाही बोल्ट आखूड पान्याने बेताबेतानेच आवळले. मिस्त्रीने बघितलं आणि त्याला अडवलं नाही. प्रत्येक नटावरून फ्लँजवर जाईल अशी रंगाची एक बारीक रेघ मात्र त्याने ओढली. मग लाँच धक्क्याला दोरांनी पक्की बांधली आणि इंजिन गिअरमध्ये टाकून चालू ठेवलं. तासाभराने बंद करून दोघे खाली उतरले. दोन नटांवरच्या रेघा तुटल्या होत्या. नटावरचा अर्धा भाग एकीकडे, फ्लँजवरचा दुसरीकडे.

"कोणी हात लावला नाही, तरी फिरले," पोरगा म्हणाला.

"फ्लँजा एकमेकींवर सरकल्या की नट आपोआप सुटत जातो." मिस्त्रीला नाव ठाऊक नव्हतं, पण गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली नेमकं हेच दाखवलं होतं : बोल्टाला आडवे हादरे बसून जोड सरकू लागला की नट सैल होतो. "आणि सैल बोल्ट सुखात असतो असं समजू नकोस. धक्क्याला बांधलेला दोर ताठ असेल तर होडी संथ राहते. दोर ढिला सोडलास की प्रत्येक लाटेला हिसका, आणि तुटतो तो तोच. नीट आवळलेल्या बोल्टाला इंजिनाचा मार थोडाच लागतो, बाकीचा फ्लँजा सोसतात. ढिल्याला सगळाच सोसावा लागतो."

तिसऱ्यांदा मिस्त्रीने पेटीतून टॉर्क रेंच काढला. पोराने तक्ता बघून आकडा लावला, ९० न्यूटन-मीटर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला नऊ-सव्वानऊ किलो टांगावेत एवढा हा जोर. नळीने त्याने लावला होता त्यापेक्षा पुष्कळ कमी. पण तेवढ्यानेही बारा मिलिमीटरचा बोल्ट पावणेचार टनांच्या ओढीने जोड धरून ठेवतो. पोरगा रेंच लावणार, तोच मिस्त्रीने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आट्यांना काय लावलंयस?"

"तेल. खाऱ्या हवेने गंजू नयेत म्हणून."

"लावलंस ते बरं केलंस. पण तक्त्यातला आकडा कोरड्या बोल्टाचा आहे. शंभरातला नव्वद जोर घासण्यातच जातो, नटाखाली आणि आट्यांत. ताणायला उरतो दहाच्या आसपास. तेलाने घासणं कमी झालं की तोच आकडा बोल्टाला जास्त ताणतो. पासष्टवर आण."

पोराने आकडा खाली आणला. समोरासमोरचे बोल्ट जोडीजोडीने, आधी अर्ध्या जोरावर आणि मग पूर्ण, असे त्याने आवळले. प्रत्येक वेळी रेंच टक् वाजला की हात थांबला. इंजिन पुन्हा तासभर चाललं. सहाही रेघा अखंड होत्या.

जुलै संपत आला तेव्हा नाखवा चकचकीत स्टेनलेस बोल्ट घेऊन आला. मिस्त्री दुसऱ्या लाँचीवर होता. "हे गंजत नाहीत म्हणे," नाखवा पोराला म्हणाला. "जुने काढ आणि हे लाव. तेवढेच आवळ."

पोराने एक बोल्ट हातात घेऊन डोकं उजेडाकडे वळवलं. ए४-७०.

"तेवढेच नाही चालणार, नाखवा. आपले आत्ताचे ६४० पर्यंत ताण सोसतात, हे ४५० लाच लांबायला लागतात. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांत चावून बसतात, मग ना पुढे जात ना मागे येत. या जागी हे नकोत. वर कठड्याला लावू, तिथे शोभतील आणि टिकतील. पण तिथेही यांचा आकडा मिस्त्रींना विचारून मगच."

नाखव्याने बोल्ट परत पुडीत भरले. "विचार तर," तो म्हणाला, आणि मिस्त्रीला हाक मारायला स्वतःच धक्क्यावर चढला.