चातुमेचा कोलाहल आणि आपली भाड्याची खोली



भोर आणि वेल्हे (या तालुक्याला आता राजगड असे नाव मिळाले आहे) या डोंगरी मुलखातून आपली पुष्कळ कुटुंबे खाली उतरली. कोणी भोर शहरातल्या जुन्या वाड्यात खोली घेतली, कोणी नसरापूर-कापूरहोळच्या बाजूस राहिले, कोणी शिरवळच्या कारखान्यात पाळी लागली म्हणून पुणे-सातारा रस्त्यालगत बिऱ्हाड केले. गावी आपली वस्ती एका कडेला होती. ती कडेला का होती हे सांगायला नको. पण तेथे गोंगाट झाला तरी तो आपल्याच माणसांचा असे. भाड्याच्या खोलीत मात्र पलीकडे परके बिऱ्हाड असते आणि मध्ये एका विटेची भिंत किंवा नुसती फळ्यांची आडभिंत असते. पलीकडच्या टीव्हीतले भांडण आपल्या चुलीपाशी ऐकू येते. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी पाठ टेकतो न टेकतो तोच माडीवर पोरे धावू लागतात. दहावीची मुलगी कानात बोटे घालून गणित करते. तोरण्याखालच्या घरात पत्र्यावर कोसळणारा पाऊस ज्यांनी जन्मभर ऐकला, त्यांनाही हा आवाज सोसवत नाही, कारण पाऊस आपल्यावर कोणी मुद्दाम पाडीत नाही.

कोणी म्हणेल, धम्माच्या पाक्षिकात हा विषय कशाला? मी म्हणतो, हाच विषय धम्माचा आहे. पौर्णिमेला विहारात पंचशील घेणे सोपे असते, तेथे सगळेच हात जोडून बसलेले असतात. भिंतीपलीकडे रात्री साडेअकराला गाणी वाजू लागली म्हणजे शीलाची परीक्षा सुरू होते.

खुद्द तथागतांसमोर हा प्रसंग आला होता. मज्झिम निकायातील चातुम सुत्तात तो आला आहे. भगवान चातुमा नावाच्या शाक्यांच्या गावी आवळ्याच्या वनात राहत होते. सारिपुत्त आणि मोग्गल्लान पाचशे भिक्खूंना घेऊन त्यांच्या दर्शनास आले. आल्याबरोबर तेथील भिक्खूंशी क्षेमकुशल सुरू झाले, कोणी जागा नेमून घेऊ लागला, कोणी पात्र-चीवर ठेवू लागला, आणि एकच कोलाहल माजला. भगवंतांनी आनंदाला विचारले, हा आवाज कोणाचा? मासे पकडताना कोळ्यांचा व्हावा तसा हा गलका वाटतो. आनंदाने खरे कारण सांगितले. मग भगवंतांनी त्या भिक्खूंना बोलावून घेतले, त्यांच्या तोंडून कारण ऐकले आणि त्यांना सरळ निघून जाण्यास सांगितले.

आता या कथेतील एक गोष्ट ध्यानात घ्या. तो आवाज कोणी दुष्टपणाने केला नव्हता. नव्या जागी उतरणाऱ्या माणसांचा तो आवाज होता. ट्रंका ओढल्या जातात, भांडी मांडली जातात, गावचे कोणी भेटले की हाका मारल्या जातात. नव्याने बिऱ्हाड करणारे आपणही पहिल्या दिवशी तोच आवाज केलेला असतो आणि शेजारणीने तो ऐकलेला असतो.

दुसरी गोष्ट. तथागत महाकारुणिक होते, तरी ते गप्प बसले नाहीत. आपल्यात एक समज रुजली आहे की बौद्ध झाला म्हणजे त्याने सगळे मुकाट्याने सोसावे, तीच शांती. ही समज धम्मातली नव्हे. ती जुन्या गुलामीतून आपल्याबरोबर चालत आली आहे. भगवंतांनी आधी चौकशी केली, मग ज्यांचा संबंध होता त्यांनाच समोर बोलावून कारण विचारले, आणि मग जे सांगायचे ते तोंडावर सांगितले. पाठीमागे कुरकुर केली नाही. आपण याच्या उलट करतो. नळावर दहा जणींना सांगतो, ज्याचा आवाज त्याला मात्र सांगत नाही, आणि एक दिवस भिंतीवर लाटणे आपटतो.

कथा पुढे चालते. ते भिक्खू निघालेले पाहून चातुमेचे शाक्य भगवंतांकडे गेले आणि म्हणाले, यांत कितीतरी जण नवदीक्षित आहेत. कोवळ्या रोपांना पाणी मिळाले नाही, वासराला आई दिसली नाही, तर जे होते ते यांचे होईल. वेल्ह्याच्या खाचरात ज्याने भाताची रोपे लावली आहेत त्याला हा दृष्टान्त वेगळा उलगडून सांगण्याची गरज नाही. (ग्रंथात यानंतर ब्रह्मा सहंपतीही विनवणी करतो. ते आपण बाजूला ठेवू; शाक्यांचे म्हणणे पुरेसे आहे.) भगवंतांनी ते ऐकले आणि भिक्खूंना परत येऊ दिले. सांगितल्यावर समोरच्याने कारण दिले तर ते ऐकण्याची तयारी हवी. पलीकडे तान्हे मूल रात्रभर रडत असेल, म्हाताऱ्याला कमी ऐकू येते म्हणून टीव्ही मोठा लागत असेल, तर तेथे आपण दाराशी भांडायला उभे राहणे शोभत नाही.

भिक्खू परतल्यावर भगवंतांनी सारिपुत्ताला विचारले, मी संघाला घालवून दिले तेव्हा तुझ्या मनात काय आले? सारिपुत्त म्हणाला, आता भगवान निवांत राहतील, आपणही निवांत राहू असे वाटले. भगवंतांना ते रुचले नाही. मग मोग्गल्लानाला विचारले. तो म्हणाला, मला वाटले, आता मी आणि सारिपुत्त मिळून संघाची काळजी घेऊ. भगवंतांनी त्याला साधुकार दिला. दार लावून निवांत बसणारे चाळीत पुष्कळ सापडतात. पाच-सहा बिऱ्हाडांत एखादी तरी बाई किंवा बाप्या असा हवा की जो सगळ्यांशी बोलतो, नळाच्या वेळा, मोटरची वेळ, मुलांच्या अभ्यासाचे तास ठरवून देतो. हे काम आपल्या घराने अंगावर घेतले तर शेजार आपल्याला वेगळ्या नावाने ओळखू लागतो.

आता अवघड भाग. आपल्या माणसाला तक्रार करण्याची भीती वाटते, आणि ती खोटी नाही. खोली मिळताना आडनाव विचारले गेले होते. मालकाने एकदा 'जमत नसेल तर सोडा' म्हटले की पुन्हा दारोदार हिंडणे आले. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना परदेशी विद्यापीठात शिकून आल्यावरही राहायला जागा मिळेना; पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून जाण्यास भाग पाडले. ते दुःख आपण विसरणार नाही. म्हणूनच गोंगाट आणि द्वेष यांत फरक करायला शिकले पाहिजे. पलीकडचा आवाज सगळ्या चाळीला त्रास देतो की आपण बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली की तेवढ्यापुरता चढतो? पहिला प्रकार असेल तर तो साधा शेजारधर्माचा प्रश्न आहे. त्याला जातीचा रंग देऊ नका. दुसरा असेल, शिव्या असतील, जातीमुळे घर सोडायला लावले जात असेल, तर ज्याच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे अशा बौद्धाला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. घर सोडण्यास भाग पाडणे हा त्यात गुन्हाच आहे. १९९० पासून केंद्राच्या यादीतही बौद्धांचा समावेश झाला, तेव्हा 'तुम्ही तर धर्म बदलला' हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

साध्या गोंगाटालाही कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते, एवढाच अपवाद. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली शांतपणे जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

पण हे नियम दुसऱ्यापुढे वाचण्याआधी स्वतःच्या दाराशी वाचा. चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत जे डीजे लागतात त्यांच्यासमोर कोणाची तरी आजारी आई झोपलेली असते. बाबासाहेब परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. पुस्तकावर वाकून बसलेल्या त्या माणसाच्या नावाने शेजारच्या विद्यार्थ्याचे पुस्तक मिटावे, ही गोष्ट मला तरी पटत नाही. पहाटे पाचला मोबाइलवर मोठ्याने वंदना लावणारे उपासकही मी पाहिले आहेत. अजातशत्रू राजा जीवकाबरोबर रात्री आम्रवनात गेला तेव्हा साडेबाराशे भिक्खू असूनही शिंकेचा आवाज नाही, म्हणून त्याला घात होतो की काय अशी भीती वाटली. संघाची ओळख त्या शांततेवरून होत होती.

बोलायला जायचे तर कसे जायचे? आवाज चालू असताना जाऊ नका. रागात गेलेला माणूस रागच घेऊन परततो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपूर्वी जा, नवरा-बायको दोघे जा. 'तुमच्यामुळे त्रास होतो' यापेक्षा 'मुलीची परीक्षा आहे, आठ ते दहा एवढे दोन तास सांभाळून घ्या, ताई' असे म्हटलेले लवकर ऐकले जाते. मागणी नेमकी असावी. 'आवाज करू नका' ही मागणी कोणालाच पाळता येत नाही. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे दूध-पाण्यासारखे एकत्र राहत; ज्याला पाण्याचा घडा रिकामा दिसे तो न बोलता भरून ठेवी. शेजारणीचा हंडा नळाखाली एकदा भरून ठेवलेला असला की पुढचे बोलणे सोपे जाते.

दोन-तीनदा सांगूनही ऐकले नाही तर मालकाला सांगा. म्हणून खोली घेतानाच करार लेखी आणि नोंदलेला असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. तोंडी बोलीवर राहणाऱ्याला बोलायला तोंड उरत नाही. मालकही हलला नाही आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालूच राहिला, तर ११२ क्रमांकावर कळवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. कोणत्या तारखेला, किती वाजता, किती वेळ आवाज होता हे वहीत लिहून ठेवलेले असेल तर अर्जाला वजन येते. शक्य तर शेजारच्या दुसऱ्या बिऱ्हाडाची सही घ्या, ते कोणत्याही जातीधर्माचे असो. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्क्याची पोच घेऊन ती कराराच्या कागदाबरोबर ठेवा.