वंशाचें रक्षण आणि जीवाचा वध

एखाद्या प्राण्याचा वंश टिकावा म्हणून त्याच वंशांतील कांहीं जीव मारूं द्यावेत, ही गोष्ट ऐकतांच मन दचकतें. परंतु अमेरिकेच्या फ्लोरिडा संस्थानांत मगरींच्या बाबतींत हीच रीत कित्येक वर्षें चालू आहे. आणि तींतून उठणारा नैतिक प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

प्रथम ही शिकार कशी होते तें पाहूं. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत परवाना मिळालेले शिकारी बहुधा रात्रींच निघतात. जेथें उथळ, गवतानें भरलेल्या पाण्यांत साधी यांत्रिक होडी अडकून पडेल, तेथें ‘एअरबोट’ चालते. तिचा तळ सपाट असतो, आणि विमानासारखा मोठा पंखा चालकाच्या पाठीमागें हवेंत फिरतो; त्याचा आवाज कान किटविणारा असतो. दिव्याचा झोत पाण्यावर टाकला म्हणजे मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. अंधारांत दिसावें म्हणून निसर्गानें तिच्या डोळ्यांत जें आरशासारखें पटल बसविलें, तेंच तिचा ठाव शत्रूला सांगतें. मग दोरी बांधलेला बाण, भाला किंवा गळ तिच्या अंगांत रुतवितात, झुंजवून थकवितात आणि होडीपाशीं ओढून ठार करतात.

हें वाचून कोणीही सहृदय मनुष्य म्हणेल कीं, हा प्रकार तत्काळ बंद व्हावा. पण इतिहासाची साक्ष निराळी आहे. कातड्याच्या लोभानें बेसुमार हत्या झाल्यामुळें १९६७ सालीं ही मगर नामशेष होऊं घातलेल्या प्राण्यांच्या यादींत घालावी लागली. पुढें कडक संरक्षणानें ती सांवरली. १९८७ सालीं तिचा वंश पूर्ववत् झाल्याचें जाहीर झालें, आणि १९८८ पासून फ्लोरिडांत परवान्यानें मर्यादित शिकार खुली झाली. आज त्या संस्थानांत सुमारें १३ लक्ष मगरी आहेत. लुइझियाना संस्थानांत तर १९७२ सालींच मर्यादित शिकार पुन्हां सुरू झाली. तेथील बरीचशी दलदल खासगी मालकीची आहे. मगरीपासून चार पैसे मिळतात म्हणून ती जशीच्या तशी राखण्यांत मालकाला स्वार्थ दिसतो. मगरी जे खळगे खणतात, त्यांत कोरड्या ऋतूंत पाणी टिकतें आणि मासे, कांसवें व पक्षी यांचा निर्वाह होतो. म्हणजे एकीच्या मरणावर अनेकांचें जगणें उभें आहे.

असा हा हिशेब बिनतोड आहे. तरीही त्यानें अंतःकरणाचें समाधान होत नाहीं. कारण वंश ही कल्पना आहे, आणि वेदना कल्पनेला होत नाहीं. ती होते दोरीच्या टोकाशीं झुंजणाऱ्या एका मगरीला. बाकीच्या लक्षावधि जगत आहेत, हें तिचें सांत्वन नव्हे. शिवाय, कायद्याचा हेतु वंशरक्षण असला तरी रात्रीं बाहेर पडणाऱ्या शिकाऱ्याचा हेतु तोच असतो असें नाहीं. परिणाम शुभ झाला एवढ्यानें हेतु शुद्ध होत नाहीं. तसाच हेतु मलिन म्हणून शुभ परिणामही नाकारतां येत नाहीं.

पंडु राजानें मृगरूपी किंदम ऋषीला बाण मारला, तेव्हां ऋषीचा आक्षेप मृगाच्या वधाला नव्हता. त्या वधासाठीं राजानें साधलेल्या वेळेला होता. मारावें कीं नाहीं, याच्याइतकाच कसें मारावें, हाही धर्माचा प्रश्न आहे, हें महाभारतकारांनीं जाणलें होतें. फ्लोरिडाच्या कायद्यालाही तें अंशतः उमगलें असावें. मगर दोरीनें बांधली गेल्यावांचून तिला ठार करतां येत नाहीं. काठीच्या टोकाला काडतूस बसविलेलें हत्यारसुद्धां बांधलेल्या मगरीवरच चालवावें लागतें. यानें झुंज लांबते खरी. परंतु जखमी जनावर निसटून गवतांत कुजत मरण्याचा संभव कमी होतो. ज्याला घाव घातला त्याचा शेवट पाहिल्याशिवाय शिकाऱ्याला सहसा परततां येत नाहीं.

ही दोरी मगरीइतकीच शिकाऱ्यालाही बांधते. वंशरक्षणाचा हिशेब त्याला परवाना देईल. पण त्या एका जीवाविषयींचें उत्तरदायित्व कोणत्याही परवान्यानें उतरत नाहीं. तें ज्याला जड वाटेल, त्याच्या हातीं मगरींचा वंश अधिक सुरक्षित राहील.