सत्कारानंतरची जबाबदारी

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या व्यवस्थेत २००१ पासून जॉन डब्ल्यू. राइस यांच्या नावाने एक सन्मान दिला जातो. राइस वर्णभेदाच्या काळात अलाबामातल्या बर्मिंगहॅमला धर्मोपदेशक होते. पुढे ते कॅलिफोर्नियात आले आणि २००० साली निधन होईपर्यंत या कॉलेजांच्या नियामक मंडळाचे सदस्य होते. अमेरिकेच्या माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस यांचे ते वडील. कर्मचाऱ्यांमध्ये सगळ्या समाजांना स्थान मिळावे आणि विद्यार्थ्यांना समान संधी मिळावी यासाठी झटणाऱ्या व्यक्तींना, उपक्रमांना आणि कॉलेजांना हा सन्मान मिळतो.

असे सन्मान असायलाच हवेत. पण ज्या कामासाठी आपण एखाद्याला गौरवतो, ते काम गौरवाच्या दुसऱ्या दिवसापासून कुणाची जबाबदारी असते, हाही प्रश्न त्याच व्यासपीठावर विचारला जायला हवा. उत्तर ‘पुन्हा त्याच व्यक्तीची’ असे असेल, तर संस्थेने त्या व्यक्तीचे आभार मानले, एवढेच झाले. समतेच्या दिशेने संस्था स्वतः जागची हललेली नसते.

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेच्या उच्च शिक्षणाची सर्वांत रुंद वाट. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट इथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झाले. १९४७ साली ट्रुमन आयोगाने अशा दोन वर्षांच्या, स्वस्त, घराजवळच्या कॉलेजांचे जाळे देशभर पसरवावे असे सुचवले. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि त्यांत सुमारे वीस लाख विद्यार्थी शिकतात. इथे गुणवत्ता यादी लागत नाही. येईल त्याला प्रवेश मिळतो. रात्रपाळी करून येणारा तरुण, पदरात मूल असलेली आई, नुकती देशात आलेली आणि इंग्रजी चाचपडत बोलणारी मुलगी, घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढणारा मुलगा असे सगळे इथे एका वर्गात बसतात.

मात्र प्रवेश मिळणे आणि पदवी हातात पडणे यांत मोठे अंतर आहे. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० सालीच सॅन होझेच्या कॉलेजचा अभ्यास करून दाखवले, की दार सताड उघडे ठेवणारी संस्था आत आलेल्यांच्या आकांक्षा हळूहळू थंडही करत असते. कुणी कुणाला हाकलत नाही. चाचणी परीक्षा, पूरक वर्ग, समुपदेशकाचा सल्ला अशा एकेका टप्प्यावर विद्यार्थ्यालाच वाटू लागते, की हे आपले काम नव्हे. हे थंड होणे जी माणसे थांबवतात, तीच पुढे सन्मानाची मानकरी ठरतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला तर खिडकी बंद झाल्यावरही थांबणारी कारकून, स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांना समजावून सांगणारा शिक्षक, आठवडाभर न दिसलेल्या विद्यार्थ्याला फोन करणारी समुपदेशक ही ती माणसे.

या माणसांवर किती भार पडतो, याची चर्चा अमेरिकेत होऊन तीस वर्षे उलटली. अल्पसंख्याक समाजातून आलेल्या प्राध्यापकाकडून संस्था एक वेगळाच कर वसूल करते, असे अमादो पादिया यांनी १९९४ साली मांडले. प्रत्येक समितीवर त्याचे नाव घालायचे, त्याच्या समाजातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्याकडे पाठवायचे, आणि बढतीचा हिशेब मांडताना यातले काहीच धरायचे नाही. कम्युनिटी कॉलेजांत निम्म्याहून अधिक शिक्षक अर्धवेळ असतात. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांप्रमाणे त्यांतल्या अनेकांना वर्गातल्या तासांपुरतेच पैसे मिळतात. वर्ग सुटल्यावर विद्यार्थ्यापाशी घालवलेला तास ते पदरमोड करून देत असतात. अशा शिक्षकाला मानपत्र द्यायचे आणि पुढच्या सत्रात त्याला तास मिळतील की नाही हे अधांतरी ठेवायचे, हा अन्याय आहे. टाळ्यांनी तो झाकला जात नाही.

चांगले काम निरपेक्ष असावे, त्याला बक्षीस कशाला, असे काही जण म्हणतील. निरपेक्षता हा व्यक्तीचा गुण आहे. संस्थेला त्यावर विसंबून कारभार करण्याचा अधिकार नाही. ज्यांना नाही म्हणणे जमत नाही, त्यांच्याकडून फुकट काम करून घेण्याचा तो सोपा मार्ग ठरतो. बहुतेक वेळा ही माणसे त्याच वंचित समाजांतून आलेली असतात, म्हणजे समतेचा खर्चही पुन्हा त्यांनीच सोसायचा.

संस्थेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे न्यूयॉर्कने दाखवले आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेजांनी २००७ साली ‘एसॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायची तयारी असलेल्या विद्यार्थ्याचे उरलेले शुल्क माफ, पाठ्यपुस्तकांचा खर्च कॉलेजचा आणि भुयारी रेल्वेचा व बसचा पास मोफत. हा पास महिन्याच्या महिन्याला मिळे, आणि त्यासाठी समुपदेशकाची भेट घेणे बंधनकारक होते. विद्यार्थी पासासाठी आला की त्याची विचारपूस आपोआप होई. मागे पडलेला विषय, सुटलेली नोकरी, घरचे आजारपण वेळेत कळे. विचारपूस करायला सवडही होती, कारण एका समुपदेशकाकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी असत. इतरत्र हाच आकडा कित्येक शेकड्यांत जातो. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण या कार्यक्रमात ४० टक्के आणि बाहेर २२ टक्के निघाले. दरडोई खर्च अधिक होता, तरी एका पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हाच आराखडा उचलला आणि तिथेही पदवीधरांचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. यात नवे काही नव्हते. वर्षानुवर्षे एकेक कनवाळू समुपदेशक स्वतःच्या बळावर जे करत आला होता, ते इथे वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात आले.

व्यक्तीची कळकळ संस्थेत कशी उतरते, याचे आणखी जुने उदाहरण कॅलिफोर्नियातल्या हेवर्डचे. तिथल्या शॅबो कॉलेजात १९८१ साली इंग्रजीच्या शिक्षिका पॅट्रिशिया मॅक्ग्रा आणि समुपदेशक फेलिक्स गालाविझ यांनी मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका काढून वाचल्या. ही मुले समुपदेशकाकडे फिरकत नव्हती, पदवीसाठी लागणारा लेखनाचा विषय टाळत होती आणि बहुतेक जण घरातले पहिलेच विद्यार्थी होते. दोघांनी मिळून लेखनाचा वर्ग, समुपदेशन आणि समाजातल्या एखाद्या नोकरदार-व्यावसायिकाचे मार्गदर्शन अशी सांगड घातली. तोच ‘पुएन्ते’ प्रकल्प आज राज्यातल्या अनेक कॉलेजांत चालतो. या दोघांचा खरा गौरव कोणता, असे विचारले तर माझे उत्तर एकच. त्यांना कधीही न भेटलेल्या शिक्षकांनी त्यांची पद्धत चालवली, हा.

काही कामांना तर चेहराच नसतो, आणि निवड समित्यांनी त्यांची मुद्दाम दखल घ्यायला हवी. कॅलिफोर्नियात अनेक दशके चाचणी परीक्षेच्या जोरावर विद्यार्थ्यांना पूरक वर्गांत बसवले जाई. या वर्गांचे श्रेयांक पदवीसाठी धरले जात नसत. त्यांत अडकून कॉलेज सोडणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी जास्त असत. २०१७ साली झालेल्या कायद्याने शाळेतले गुण प्रमाण मानून विद्यार्थ्याला थेट पदवीच्या पातळीवरच्या इंग्रजीत आणि गणितात बसवण्याकडे कल वळवला. हा बदल घडण्यामागे आकडे तपासणारे संशोधक आणि स्वतःचा अभ्यासक्रम मोडून पुन्हा बांधणारे गणिताचे शिक्षक होते. एखाद्या विद्यार्थ्याला हात देऊन भिंतीपलीकडे नेणारा आपल्याला चटकन दिसतो. भिंत पाडणारा दिसत नाही, कारण पुढच्या तुकडीला तिथे भिंत होती हेच ठाऊक नसते.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास सांगताना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाला लागून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे नाव येते. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने मोडले. त्या त्यागापुढे मान झुकतेच. पण भाऊरावांचे मोठेपण असे, की त्यांनी संस्था तशा त्यागावर टेकवून ठेवली नाही. ‘कमवा आणि शिका’ ही रीतच घालून दिली, म्हणजे गरीब विद्यार्थ्याचे शिक्षण कुणाच्या दागिन्यांवर अवलंबून राहणार नाही.

अमेरिकेत हा विचार आज विशेष निकडीचा झाला आहे. टेक्सासने २०२३ साली केलेल्या आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सरकारी महाविद्यालयांतले विविधता, समता आणि समावेशनाचे विभाग बंद केले. इतर राज्यांतही तेच वारे आहे. कुणाला समतेसाठी उघडपणे सन्मान देणे, हीच तिथे धाडसाची गोष्ट झाली आहे. म्हणून जिथे शक्य आहे तिथे तो जाहीरपणे, नाव घेऊन द्यावा. पण त्याच टेक्सासमधल्या अमारिलो कॉलेजकडेही पाहावे. आपला विद्यार्थी म्हणजे ‘मारिया’ असे त्या कॉलेजने ठरवले. ही मारिया दोन ठिकाणी काम करून शिकणारी, मुलाची आई, घरातली पहिली विद्यार्थिनी. विद्यार्थ्यांना अडचणी विचारल्या तेव्हा पाळणाघर, जेवण, घरभाडे, प्रवास अशी उत्तरे आली. मग एका केंद्रात समाजकार्यकर्ते, धान्य आणि तातडीची आर्थिक मदत एकत्र आणली गेली. २०२३ साली या कॉलेजला देशातल्या उत्कृष्ट कम्युनिटी कॉलेजसाठीचा अ‍ॅस्पेन पुरस्कार विभागून मिळाला. विभागाच्या दारावरची पाटी एका कायद्याने उतरवता येते. रोजच्या कारभारात मुरलेली पद्धत उखडणे त्याहून पुष्कळ अवघड असते.

तेव्हा निवड समितीने नामांकनाच्या अर्जात कॉलेजसाठी एक रकाना ठेवावा: या व्यक्तीचे काम पुढे चालावे म्हणून तुम्ही कोणते पद, किती तास आणि किती पैसे राखून ठेवणार आहात? अर्धवेळ शिक्षक, कारकून, सफाई कर्मचारी यांची नावे यादीत अपवादाने नव्हे, हक्काने यावीत. आणि तीन वर्षांनी समितीने पुन्हा त्या कॉलेजात जाऊन पाहावे, की सन्मानित व्यक्ती रजेवर असेल त्या दिवशीही विद्यार्थ्याचे काम होते का. ते होत असेल, तर त्या माणसाचे काम संस्थेने खऱ्या अर्थाने ओळखले, असे म्हणता येईल.