पिस्टनचे कुलशील

लग्नात कुलशील पाहतात, हे पटत नसले तरी ठाऊक होते. पिस्टनचेही कुलशील पाहतात, हे आमच्या पिंप्राळ्यातल्या एका गॅरेजात कळले.

शेजारच्या चिरंजीवांना गाडीचा जोर वाढवायचा होता. म्हणजे काय, तर पिंप्राळ्याहून जळगावच्या बाजारात जायला जी वीस मिनिटे लागतात, ती तशीच वीस मिनिटे, पण मोठ्ठा आवाज करीत घालवायची! मिस्त्रीने दोन निरनिराळ्या गाड्यांच्या घडीव पिस्टनचे भाव सांगितले. पहिला ऐकून चिरंजीव हसले, दुसरा ऐकून त्यांचे वडील स्टुलावर बसले.

"अरे, दोन्हीत ॲल्युमिनियमच ना?"

"हो काका. पन दुसऱ्याचं खानदान भारी आहे!"

वस्तू तीच आणि भाव चौपट. याला व्यापार म्हणावे की लूट?

'लूट' म्हणायची घाई नको. साधा पिस्टन धातूचा रस ओतून होतो. घडीव पिस्टनसाठी तापलेला धातू साच्यात प्रचंड दाबाने दाबावा लागतो. समजा, तो साचा पाच लाखांचा आहे. खपाच्या गाडीचे 50,000 पिस्टन निघाले, तर साच्याचा खर्च नगामागे 10 रुपये. दुर्मिळ गाडीचे 50च निघाले, तर नगामागे 10,000! शिवाय चार सिलिंडरना चार पिस्टन, आठांना आठ. जितराब मोठे तितका चारा जास्त. हे मला न्याय्य वाटते. एकट्यासाठी स्पेशल एस.टी. सोडायला लावली, तर सगळ्या सीटांचे पैसे एकट्यानेच मोजावेत.

पण या हिशेबात कुलशीलही हळूच शिरते. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाही जुळवली गेली आणि ऑडीही. दोन्ही फोक्सवॅगन घराण्यातल्या, म्हणजे चुलत बहिणीच. पण चुलत बहिणींत एक शाळामास्तरांकडे दिली आणि दुसरी कारखानदाराकडे, की दोघींच्या माहेरच्या लाडवांनासुद्धा वेगळा वास येऊ लागतो. महाग गाडी घेणाऱ्याचा खिसा मोठाच असणार, असे दुकानदार धरून चालतो. गंमत अशी, की हीच गाडी पुढे तिसऱ्या हाताने एखाद्या हौशी कारकुनाकडे येते. गाडी सेकंडहँड होते, तिचे पार्ट मात्र जन्मभर फर्स्टहँडच राहतात!

आमच्या जळगावचा सराफ बरा म्हणायचा. तो सोने वेगळे मांडतो, मजुरी वेगळी मांडतो. मजुरी जड वाटली, तर माणूस पिशवी उचलून शेजारच्या पेढीवर जातो. पिस्टनच्या बिलात धातू किती, मजुरी किती आणि खानदान किती, हे कोणी मांडीत नाही. न मांडो. शेजारी दुसरी पेढी असली, की मांडायची गरजही उरत नाही.

खरी मेख इथे आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपये दंड ठोठावला. आयोगाचे म्हणणे साधे होते: गाडी निवडताना गिऱ्हाईक राजा असतो, पण एकदा घेतली की तिच्या सुट्या भागांपुरता तो त्या कंपनीचा बंदी होतो, आणि कंपन्या ते भाग खुल्या बाजारात मोकळेपणी येऊ देत नव्हत्या. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. दंड त्यांना आपल्या भागांपेक्षा महाग वाटला असावा.

माझ्यापुरता निवाडा असा: महाग विकणे हे पाप नव्हे. हौसेला मोल नसते. तेव्हा ते कोणी थोडे जास्त लावले, तर रडू नये. दुसऱ्याला विकूच न देणे, हे मात्र पाप. भाव कितीही सांगा, पण उठून जायला दार उघडे ठेवा.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. एवढे अवाढव्य वाहन, पण इंजिन नाही. ओढायला भाविक, आणि वळवायला-थांबवायला चाकाखाली लाकडी मोगरी. मोगरी फुटली, तर कोणताही चांगला सुतार नवी करून देईल. 'अस्सल मोगरी फक्त आमच्याच काउंटरवर मिळेल' अशी पाटी पांडुरंगाने अजून लावलेली नाही. आणि त्याच्याइतके जुने खानदान तर एकाही कंपनीचे नाही!