लहर आणि नेम



'वाळवंट' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चंद्रभागेचा काठ उभा राहतो. हल्लीच्या तरुणांना मात्र राजस्थानातले वाळवंट आणि तिथले वालुकाश्माचे खडक आठवतात. मनात आले की उठायचे, पाठीला पिशवी लावायची, दिवसभर पायपीट करून खडकांची छायाचित्रे काढायची. आपल्या करमाडकडे वालुकाश्म नाही. विहीर खणली की मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. म्हणून इकडची मुले वेरूळचा डोंगर गाठतात, नाहीतर मोटारसायकल काढून थेट निघोजला जातात. घरातले वडीलधारे म्हणतात, "दगड पाहायला एवढ्या लांब? त्यापेक्षा वारीला चल." त्यावर नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही तरी काय, चालतच जाता ना?"

या प्रश्नावर रागावू नका. लहरीने चालणे आणि नेमाने चालणे यांत फरक कोणता, हेच तो विचारतो आहे.

उत्तर निघोजच्या खडकातच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, मळगंगा देवीच्या देवळाजवळ, कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. कातळ आपल्याकडचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन झालेला. त्यात रांजणासारखे खोल, गोल खड्डे कोरले गेले आहेत. पुरात दगडगोटे वाहत येतात. बहुतेक पुढे निघून जातात. एखादा खोलगट जागी अडकतो आणि भोवऱ्याबरोबर तिथेच फिरत कातळ घासतो. पूर ओसरला की थांबतो, पुन्हा पूर आला की फिरू लागतो. एक झिजून संपला की दुसरा येतो. वाहून गेलेल्या हजारो गोट्यांकडून जे झाले नाही, ते अडकलेल्या गोट्यांनी केले. आणि खळगा कोरता कोरता त्यांचे स्वतःचे कोपरेही गेले.

माऊली, लहर म्हणजे हा पूर. पुराशिवाय गोटा जागचा हलत नाही, म्हणून लहरीला नावे ठेवू नयेत. आपल्यातलेही कितीतरी जण पहिल्यांदा शेजारी निघाला म्हणूनच दिंडीत शिरले. पण नेमाची खरी कसोटी पुढे लागते. पेरणी अर्धी राहिलेली असते, गुडघा दुखत असतो, हौस केव्हाच फिटलेली असते, तरी आषाढी जवळ आली की पाय निघतात. लहर आपल्याला तिथे नेते. नेम आपल्याला तिथे थांबवतो. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर देवानेही दुसरे काय केले? तो थांबला.

मग कॅमेऱ्याचा दोष का मानावा? चांगला छायाचित्रकारही प्रकाशासाठी तासन्‌तास थांबतो, त्याच खडकाकडे पुन्हा पुन्हा जातो. तोही एक नेमच. दोष आहे तो 'टिपले, झाले, पुढे चला' या घाईत. ती घाई मोबाईलवाल्या पोराकडे असते, तशी कळसाचे दर्शन होताच परतीची गाडी शोधणाऱ्या आपल्याकडेही असते.

तेव्हा नातू निघाला तर अडवू नका. एवढेच सांगा : छायाचित्रासाठी ओल्या कडेवर पाय टाकू नकोस, खळग्याची खोली वरून कळत नाही. आणि एकदा पाहून थांबू नकोस. उन्हाळ्यात जा, पावसाळा ओसरल्यावर पुन्हा जा, तोच दगड पुन्हा पाहा.

आणि त्याला सांगून झाल्यावर स्वतःकडेही पाहा. वीस वाऱ्या झाल्या, पण सुनेशी बोलताना शब्दाचे टोक तसेच आहे का? भावाशी बांधावरून धरलेला अबोला तसाच आहे का? असेल, तर माऊली, आपण वीस वेळा पुरातून नुसते वाहून गेलो. कुठे तरी अडकायला हवे. कोपरे त्यानंतरच झिजतात.

रामकृष्ण हरी!